संगणकातील कप्पे आणि किल्ल्या

शाळेचे प्रवेश रजिस्टर लोखंडी कपाटात असते आणि किल्ली कार्यालयाकडे. याबद्दल आजवर कोणी तक्रार केली नाही. तेच रजिस्टर संगणकावर आले की मात्र, "सर्वांना उघडता आले तर काय बिघडते?" असे पालक विचारतात, विश्वस्त मंडळीही विचारतात. म्हणून थोडे सविस्तर सांगणे आम्हास आवश्यक वाटते.

हार्ड डिस्क एकच असली तरी तिचे भाग पाडता येतात. त्यांना व्हॉल्यूम म्हणतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. जमीन वाढली नाही, हद्दी व कार्यालये वेगळी झाली. डिस्कचेही तसेच. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, डीमध्ये कार्यालयाच्या नोंदी, ईमध्ये विद्यार्थ्यांचे काम. विंडोज बिघडून सी पुसावी लागली तरी डी शाबूत राहते. पण डिस्कच निकामी झाली तर तिन्ही जातात; तेव्हा वेगळा व्हॉल्यूम म्हणजे दुसरी प्रत नव्हे. प्रत बाहेरच्या डिस्कवरच घ्यावी लागते.

(विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न: एक टेराबाइटची डिस्क ९३१ जीबीच का दाखवते? दुकानदाराने फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत.)

व्हॉल्यूम एनटीएफएस पद्धतीने तयार केलेला असावा. जुन्या फॅट-३२ मध्ये कोणाला काय करता येईल हे ठरवण्याची सोयच नाही, शिवाय ४ जीबीहून मोठी फाइल त्यात मावत नाही. एनटीएफएसमध्ये प्रत्येकाला किती जागा वापरता येईल, हेही ठरवता येते. त्याला कोटा म्हणतात. कोटा नसेल तर स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींनी ड्राइव्ह भरतो आणि गुणपत्रकाची छोटीशी फाइलसुद्धा जतन होत नाही.

आता किल्ल्या. पाहणे, बदलणे आणि पूर्ण ताबा हे तीन वेगवेगळे अधिकार आहेत. ते व्यक्तीला न देता गटाला द्यावेत: कार्यालय, शिक्षक, विद्यार्थी. शिक्षक सोडून गेले की त्यांचे नाव गटातून काढले, काम झाले. नेटवर्कवरून फोल्डर उघडताना शेअरचा नियम आणि एनटीएफएसचा नियम असे दोन्ही लागू होतात, व त्यांपैकी जो कडक तोच चालतो. "परवानगी दिली तरी फाइल बदलत नाही" या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते.

फार कडकपणाही बरा नाही. जमिनीच्या नोंदींसाठी २०२० मध्ये धरणी पोर्टल आले, तेव्हा चूक दुरुस्त करण्याचे बहुतेक अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. एका अक्षरासाठी शेतकऱ्याला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागत. २०२४ मध्ये काही अधिकार तहसीलदारांपर्यंत खाली आले, आणि २०२५ मध्ये धरणीच्या जागी भूभारती आली. आपल्यापैकी अनेक घरांनी हे सोसलेले आहे.

म्हणून गुण वर्गशिक्षकांनी स्वतः भरावेत, त्यासाठी आमची वाट पाहू नये. जन्मतारीख व नाव यांचे तसे नाही. मुलाचे नाव मराठीत एक, तेलुगूत थोडे वेगळे, इंग्रजीत तिसरेच होते, आणि शाळेच्या नोंदीतले तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते. पुढे नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे तेच विचारतात. हा बदल फक्त कार्यालय करील, तोही लेखी अर्जावर. पाहण्याची मुभा वर्गशिक्षकांना आहे. पालकांनी आपल्या पाल्याची नोंद कार्यालयात येऊन अवश्य तपासावी, विशेषतः दहावीचे अर्ज भरण्यापूर्वी.

अॅडमिनिस्ट्रेटर खाते रोजच्या कामासाठी वापरू नये. त्या खात्यातून शिरलेल्या व्हायरसलाही सगळ्या किल्ल्या मिळतात. शिवाय डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर हे नियम सहज ओलांडता येतात, त्यासाठी बिटलॉकरसारखे कुलूप वेगळे लावावे लागते. त्याची रिकव्हरी की हरवली तर नोंदी आपल्यालाही उघडता येणार नाहीत. ती की आणि अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात, त्याच लोखंडी कपाटात राहतील. पाकीट उघडताना आमच्याबरोबर एक विश्वस्त हजर असावेत, अशी विनंती आम्ही मंडळाकडे केली आहे.