आकडा वेगाचा, माप हाताचे

लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमध्ये कंपाऊंड धनुष्याच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाल्याचे एप्रिल 2025 मध्ये जाहीर झाले, आणि तेव्हापासून या खेळात मुलांना घालणाऱ्या पालकांपुढील एक जुनाच प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. प्रबोधिनीच्या सामायिक धनुष्यावर काही काळ सराव झाल्यानंतर मुलासाठी स्वतःचे, स्पर्धेच्या दर्जाचे धनुष्य घ्यावयाचे ठरते, यादी आखडत आखडत दोहोंवर येते, आणि त्या दोहोंपैकी एक बहुधा आखूड व वेगवान, तर दुसरे लांब व सौम्य असते. परदेशातून येणाऱ्या या धनुष्याची किंमत, जकात व इतर साज धरता, दोन-तीन लाखांच्या घरात जात असल्यामुळे, चुकलेला निवाडा पुढल्या वर्षी फिरविण्याची ऐपत मध्यम स्थितीच्या कुटुंबास नसते. आमचे मत प्रारंभीच नमूद करतो: जाहिरातीतील वेगाचा आकडा हा या निवाड्यातील सर्वांत दुबळा साक्षीदार होय, आणि मुलाच्या हाताचे माप हा सर्वांत भरवशाचा.

असे का, हे कळण्यासाठी या यंत्राचा स्वभाव पाहिला पाहिजे. अमेरिकेतील मिसूरी राज्याचे रहिवासी होलेस विल्बर ॲलन यांनी 1966 साली कंपाऊंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 च्या अखेरीस त्यांना ते मिळाले. धनुष्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी, ज्यांचा आस मध्यापासून ढळलेला आहे अशी चाके बसविली, आणि त्या एका युक्तीने धनुर्धराच्या अत्यंत जुन्या अडचणीचा परिहार केला. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढावी तितका भार वाढत जातो, आणि नेम धरताना, म्हणजे हात स्थिर असण्याची गरज जेव्हा सर्वाधिक असते नेमका तेव्हा, तो पराकोटीस पोहोचलेला असतो. ॲलन यांच्या धनुष्यात तो प्रथम झपाट्याने चढतो, काही इंच तसाच राहतो, आणि चाक ठरावीक कोनातून फिरले की एकदम उतरतो; 50 पाउंडांच्या धनुष्याचा लेट-ऑफ, म्हणजे भारातील ही घट, 80 टक्के असेल, तर पूर्ण ओढीवर अवघे 10 पाउंड पेलावयाचे राहतात. त्यापुढे दोरी हटत नाही. खेळाडू ज्याला 'वॉल' म्हणतात तो अडसर लागतो. साध्या धनुष्यात ओढ किती घ्यावी हे धनुर्धर ठरवितो, येथे ते चाक ठरविते. आणि चाकाने ठरविलेले माप शरीराशी जुळले नाही, तर वाकावे लागते ते शरीराला.

आता वेगाच्या आकड्याचा विचार करू. तो सामान्यतः 70 पाउंड भार, 30 इंच ओढ आणि 350 ग्रेन वजनाचा बाण धरून काढलेला असतो. वर्ल्ड आर्चरीच्या नियमान्वये स्पर्धेत 60 पाउंडांहून अधिक भाराचे धनुष्य चालत नाही. म्हणजे ज्या भारावर तो आकडा उभा आहे, तो भार मैदानावर मुळी ग्राह्यच नाही. त्यातच ओढ एक इंच घटली की वेग सेकंदास सुमारे 10 फुटांनी उतरतो, असा ढोबळ हिशेब आहे. तेव्हा 26 इंच ओढीच्या आणि 45 पाउंड पेलणाऱ्या मुलीच्या हाती त्या आकड्यातले फारच थोडे उरते. तथापि वादापुरते मान्य करू की एका धनुष्याचा बाण सेकंदास 300 फूट जातो आणि दुसऱ्याचा 280. तरीही 50 मीटरांवरचे लक्ष्य गाठण्याच्या त्यांच्या वेळेत फरक पडतो तो सेकंदाच्या सुमारे चार शतांशांचा. वाऱ्याच्या दिवशी वेगाचा थोडा लाभ होतो आणि अंतर अज्ञात असते अशा शिकारीत तो पुष्कळच होतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु येथे अंतर ठरलेले आहे, दहा गुणांचे वर्तुळ 8 सेंटिमीटर व्यासाचे आहे, आणि बाण लवकर पोहोचल्याबद्दल गुण मिळत नाहीत.

शिवाय हा वेग फुकट मिळत नाही. वेगवान धनुष्याचा कॅम, म्हणजे टोकाचे ते चाक, उग्र असतो: भार लवकर चढतो, उशिरा उतरतो, आणि नेम धरताना दोरी किंचित पुढे सरकू दिली तर ती हातच ओढून नेते. मूठ व दोरी यांतील अंतर कमी ठेवून वेग वाढविलेला असेल, तर बाण दोरीला अधिक काळ चिकटून राहतो, आणि तेवढ्या काळात मनगटाला झालेला सूक्ष्म पीळही त्याला लागतो. बर्लिनच्या 2023 च्या जागतिक स्पर्धेत ओजस देवतळे याने अंतिम लढत 150 विरुद्ध 149 अशी जिंकली, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ज्योती सुरेखा व ओजस यांचे मिश्र सुवर्ण 159 विरुद्ध 158 असे निश्चित झाले. जेथे जयापजय एका गुणावर ठरतो आणि मिश्र संघाला चार बाणांसाठी 80 सेकंद मिळतात, तेथे क्षमाशील धनुष्याचे मोल वेगवान धनुष्याहून किती तरी अधिक आहे.

मग लांबच घ्यावे काय? सरसकट तसेही नाही. उदाहरणार्थ, मॅथ्यूज कंपनीच्या टायटल मालिकेत 36 आणि 38 अशी दोन धनुष्ये आहेत. हे आकडे म्हणजे दोन चाकांच्या आसांमधील इंचांतले अंतर. लांब धनुष्य हातात कमी डोलते, आणि पूर्ण ओढीवर त्याच्या दोरीचा कोन पसरट राहिल्यामुळे, मान न वाकविता दोरी नाकाला लागते आणि पीप, म्हणजे दोरीतील नेम धरण्याचे छिद्र, डोळ्यासमोर येते. परंतु हा कोन ओढीवरही अवलंबून असतो: 29 इंच ओढीच्या तरुणाला 38 इंची धनुष्य जे सुख देते, साधारण तेच 26 इंच ओढीच्या मुलीला 36 इंची धनुष्य देते, आणि तेही डाव्या खांद्यावर कमी वजन घालून.

म्हणून प्रथम माप घ्यावे. मुलाला भिंतीला पाठ लावून, हात आडवे पसरून उभे करावे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्यास अडीचने भागावे. 65 इंच भरले तर ओढ सुमारे 26 इंच. हा केवळ आरंभबिंदू आहे. अंतिम निर्णय धनुष्य ओढून पाहिल्यावरच करावा. ओढ अर्धा इंच जास्त झाली तरी धड मागे कलते, पुढला खांदा वर चढतो, दोरी सोडणारा हात जबड्यावरून कानामागे घसरतो, आणि लक्ष्यावरील बाणांचा पुंजका डावी-उजवीकडे पसरतो. कॅमची ओढ कोठून कोठपर्यंत बदलता येते आणि त्यासाठी बो-प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून दोरीचा ताण सैल करणारे यंत्र, लागतो काय, हेही विचारून घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलाचे माप त्या मर्यादेच्या वरल्या टोकाशी असेल, तर ते धनुष्य दोन वर्षांत निरुपयोगी ठरेल. भाराविषयी आमची कसोटी एवढीच, की हात वर आकाशाकडे न नेता, लक्ष्याच्या रोखाने सरळ ओढता येईल तितकाच भार घ्यावा.

परंतु ही परीक्षा करावयाची कोठे? दोन्ही धनुष्ये हाती घेऊन, प्रत्येकी काही डझन बाण सोडून पाहण्याची सोय आपल्याकडे दुर्मीळ आहे, आणि तिच्या अभावी पालक अखेर त्या आकड्याचाच आधार घेतात. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. असे गुण जिल्ह्याजिल्ह्यांत सापडू शकतात, हे मान्य करावयाचे असेल, तर जिल्हा क्रीडा संकुलांत निरनिराळ्या लांबीची व ओढीची चार-पाच धनुष्ये, एक बो-प्रेस आणि तो चालविणारा जाणकार माणूस ठेवण्याची तजवीज शासनाने व संघटनांनी केलीच पाहिजे. त्यासाठी लागणारी रक्कम अशा काही धनुष्यांच्या किमतीहून फार मोठी नाही, आणि तिच्यामुळे अनेक कुटुंबांचे कर्ज काढून केलेले खर्च वाया जाण्यापासून वाचतील. तोवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मुलाने स्वतः ओढून पाहिल्याखेरीज कोणत्याही धनुष्याची पेशगी भरू नये, हाच आमचा आग्रहाचा सल्ला आहे.