बाजरीवर दळलेला गहू

बार्शीत आमची पिठाची गिरणी आहे. लग्नाआधी मी वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झाले होते. "दगडाला टाकी लावायला कशाला लागतंय बी.एस्सी.?" असं सासूबाई विचारायच्या. सव्वीस वर्षं झाली, उत्तर अजून दिलेलं नाही.

धान्य पारखायला मी हात आणि दात वापरते. ओंजळीत वजन कळतं, दाताखाली कट् आवाज आला की वाळलेपण कळतं. २०२२च्या पावसाळ्यात काही डब्यांत गहू असा आला की ओंजळीतच हलका लागायचा. बायका तणतणत यायच्या, "वैनी, चाळणीत नुसता कोंडाच उरतोय, दगड बदलला का?" दगड तोच होता, दाणा चिमला होता. त्या वर्षी मार्चमध्येच उत्तरेत ऊन एवढं तापलं की पंजाब-हरियाणात दाणा भरायच्या आतच पीक वाळलं. सरकारी खरेदीत चिमलेल्या-तुटक्या दाण्यांना ६ टक्क्यांची मुभा असते, ती १८ टक्क्यांपर्यंत वाढवावी लागली. १३ मे रोजी गव्हाची निर्यातच बंद झाली.

उन्हानं केलेलं नुकसान निदान चाळणीत दिसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड जे करतो ते माझ्या हातालाही कळत नाही आणि दातालाही.

कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू साधारण २८० भाग होता, आता ४२०च्या वर गेलाय. रोपाचं तर ते खाणंच. जास्त मिळालं की रोप जास्त साखर बनवतं, दाण्यात स्टार्च जास्त भरतो. जस्त आणि लोह मात्र मातीतून, मुळांवाटे यायचं. ते त्या मानानं वाढत नाही. त्यात पोट लवकर भरतंय म्हटल्यावर पान आपली रंध्रं थोडी मिटून घेतं. मग पाणी कमी उडतं, मुळं पाणी कमी ओढतात आणि पाण्यासोबत मुळाशी येणारी खनिजंही कमी येतात. यातल्या कुठल्या कारणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आमच्या धंद्यात पिठात स्टार्च मिसळला तर त्याला भेसळ म्हणतात. इथं ती रोप स्वतःच करतं, आणि काट्यावर वजन पुरेपूर भरतं.

हे उघड्या शेतात करून पाहिलेलं आहे. पिकाभोवती नळ्यांचं कडं उभारायचं, त्यातून वायू सोडत राहायचा. ऊन, वारा, पाऊस नेहमीचाच. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या अशा शेतांवरचे निष्कर्ष सॅम्युअल मायर्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये मांडले. या शतकाच्या मध्याला असेल अशा, म्हणजे साधारण ५५० भागांच्या हवेत, गव्हातलं जस्त ९ टक्क्यांनी, लोह ५ टक्क्यांनी आणि प्रथिनं ६ टक्क्यांनी घटली. तांदळात प्रथिनं जवळपास ८ टक्क्यांनी कमी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, भातावरच्या अशाच प्रयोगात काही 'ब' जीवनसत्त्वंही कमी भरली. फोलेट तर ३० टक्क्यांनी.

नऊ टक्के म्हणजे काय मोठंसं, असं ज्याच्या ताटात अंडी-मटण-दूध असतं त्यानं खुशाल म्हणावं. जिचं जेवण म्हणजे चार चपात्या आणि पातळ कालवण, तिला जस्त-लोह मिळायचं ते त्या चपात्यांतूनच. २०१९-२१च्या पाहणीतच आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी होतं.

माझ्या बी.एस्सी.ची खरी गंमत पुढे आहे. त्याच २०१४च्या पाहणीत ज्वारी आणि मक्याला फारसा फरक पडला नाही. ही पिकं पानाच्या आतल्या पेशींत कार्बन डायऑक्साइड आधीच दाटीनं साठवतात, त्यामुळे बाहेर तो वाढला तरी त्यांना विशेष काही मिळत नाही. ऊस आणि बाजरीही याच रीतीची. मी गिरणीत आले तेव्हा दहातले सात डबे ज्वारीचे असायचे. "पिठाला जिगट हाय का?" हाच प्रश्न. आता सात गव्हाचे.

बाजरी म्हणजे काही औषध नव्हे. तिच्यातलं लोह अंगी लागू न देणारं फायटेटही तिच्यातच असतं. तरी मुळात लोह जास्त असलेलं 'धनशक्ती' वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठानं महाराष्ट्रासाठी आणलं, ते उगाच नाही.

परवा शेजारचा पोरगा डबा ठेवून गेला. "काकू, मम्मीनं सांगितलंय, बाजरीवर दळू नका, चपात्या काळ्या होतात." बरं म्हटलं. त्याचा गहू आधी घेतला, मग बाजरीचे दोन डबे. घरच्या चपात्यांचा गहू मात्र मी त्यांच्यावरच टाकते. सासूबाई अजून विचारतात, पीठ असं करडं का दिसतंय.