गल्ल्यांतील रोकड आणि वहींतील नफा
(नभोवाणीवरील भाषण)



जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांत आष्टी नांवाचें गांव आहे. याच नांवाचीं गांवें बीड व वर्धा जिल्ह्यांतहि असल्यामुळें तालुक्याचा उल्लेख करणें अवश्य वाटलें. भोंवतालचा मुलूख कापूस, सोयाबीन, तूर या पिकांचा. म्हणजे खर्च बारा महिने चालावयाचा, आणि पैसा मात्र वर्षांतून एकदां-दोनदां हातीं यावयाचा. अशा गांवांतील विद्यार्थी बारावी होऊन वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षांत दाखल झाला, कीं त्याच्यापुढें 'वित्तीय लेखाकर्म' हा विषय येतो. बेरीज-वजाबाकी येत असली म्हणजे झालें, असें घरचीं माणसें त्याला सांगतात. पण थोड्याच आठवड्यांत त्याच्या ध्यानांत येतें कीं, बेरीज जमते आणि तरीहि उत्तर चुकतें. असें कां व्हावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही विद्या आपल्या प्रांताला परकी नाहीं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, म्हणजेच हेमाडपंत, याच्या नांवाशीं दप्तर कसें राखावें हें सांगणाऱ्या 'मेस्तका'ची परंपरा जोडलेली आहे. तो तेराव्या शतकांतला. पुढें मराठी राज्यांत कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द फडावर रुळले, आणि फडणीस हें एक मोठें पद होऊन बसलें. तिकडे युरोपांत जेनोआ शहराच्या सन १३४० च्या वह्यांत दुहेरी नोंदीची पद्धति स्पष्ट दिसते. लुका पाचोली या इटालियन साधूनें त्या पद्धतीचें वर्णन आपल्या गणितग्रंथांत करून तें १४९४ त व्हेनिस येथें छापविलें. पाचोलीनें ती शोधून काढली नाहीं. व्यापाऱ्यांच्या वहींत ती आधींच होती, त्यानें ती पुस्तकांत आणली.

महाविद्यालयीन शिक्षण म्हणून हा विषय मात्र आपल्याकडे उशिरां आला. मुंबईचें सिडनहॅम कॉलेज १९१३ त निघालें, पुण्याचें बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ त. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. तेथें हाली शिक्का आणि कलदार असे दोन रुपये चालत, आणि मुंबईशीं व्यवहार करणाऱ्या पेढीला दोहोंचा हिशेब ठेवावा लागे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ त स्थापन झालें. म्हणजे पेठेंत वही जुनी, आणि वर्गांतील पुस्तक तेवढें नवें. विद्यार्थ्याच्या पहिल्या अडचणीचें मूळ येथेंच आहे.

आपल्याकडील देशी पद्धतीच्या वहींत जमेची बाजू डावीकडे आणि नांवेंची उजवीकडे असे. महाविद्यालयांतील पुस्तकांत नेमकें उलट असतें : नांवें, म्हणजे डेबिट, डावीकडे, जमा, म्हणजे क्रेडिट, उजवीकडे. ज्याच्या घरीं आजोबांच्या लाल वह्या जपून ठेवलेल्या आहेत, तोच विद्यार्थी प्रथम अडखळतो. ही अडचण केवळ मांडणीची आहे, सवयीनें ती जाते. दुसरी अडचण याहून खोल आहे, आणि ती बँकेच्या पासबुकांतून उत्पन्न होते. आपण बँकेंत पैसे भरले म्हणजे पासबुकांत ते 'जमा' दिसतात. पुस्तक मात्र सांगतें कीं, आपल्या वहींत बँकेचें खातें 'नांवें' टाकावें. यांतलें खरें कोणतें?

दोन्ही खरीं आहेत. पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा असतो. बँकेनें आपले पैसे घेतले, म्हणून ती आपलें देणें लागते. तिच्या वहींत आपण धनको, म्हणून आपल्या खात्यावर जमा. आपल्या वहींत बँक ही घेणारी, म्हणून ती नांवें. घटना एक, वह्या दोन, आणि प्रत्येक वही आपल्या मालकाच्या बाजूनें बोलते. तेव्हां जमा म्हणजे चांगलें व नांवें म्हणजे वाईट, किंवा जमा म्हणजे अधिक व नांवें म्हणजे उणें, ही समजूत विद्यार्थ्यानें पहिल्याच दिवशीं टाकून द्यावी. व्यक्तीच्या खात्यांत घेणारा नांवें, देणारा जमा. वस्तूच्या खात्यांत येईल तें नांवें, जाईल तें जमा. खर्च व तोटा नांवें, उत्पन्न व नफा जमा. हे तीन नियम पाठ करण्यास एक संध्याकाळ पुरते. ते समजण्यासाठीं मात्र एका दुकानाचा हिशेब आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः मांडावा लागतो.

तसा एक हिशेब आपण मांडूं. उदाहरण कल्पित आहे. श्रोत्यांनीं हवा तर कागद जवळ घ्यावा. समजा, आष्टीच्या पेठेंत एका तरुणानें १ एप्रिल रोजीं बियाणें आणि खतें यांचें दुकान काढलें. स्वतःचे २,००,००० रुपये घातले आणि बँकेकडून १,००,००० रुपये कर्ज घेतलें. गल्ल्यांत ३,००,००० रुपये आले. दुकान वेगळें आणि दुकानदार वेगळा, हें तत्त्व येथें लागू होतें : दुकान बँकेचें जसें देणें लागतें, तसेंच मालकाचेंहि लागतें. मालकाच्या त्या देण्याला भांडवल म्हणतात. म्हणून मालमत्ता ३,००,०००, आणि तिच्यासमोर कर्ज १,००,००० व भांडवल २,००,०००. दोन्ही बाजू सारख्या. यापुढें कितीहि व्यवहार झाले तरी हें साम्य मोडत नाहीं, कारण प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणीं लिहिला जातो.

पुढें त्यानें ४०,००० रुपयांचीं कपाटें व इतर सामान घेतलें आणि २,४०,००० रुपयांचा माल रोखीनें भरला. गल्ल्यांत २०,००० उरले. पाऊस पडला, पेरणी झाली. २,००,००० रुपये खरेदीचा माल २,६०,००० रुपयांना विकला गेला. परंतु त्यांतले रोख केवळ ६०,००० मिळाले, आणि २,००,००० उधारीवर राहिले. सहा महिन्यांचें भाडें व किरकोळ खर्च मिळून १८,००० रुपये त्यानें दिले. ३० सप्टेंबर रोजीं गल्ल्यांत ६२,००० रुपये आहेत.

आतां येथें दोन माणसें दोन तऱ्हांनीं चुकतात. दुकानदाराचे वडील म्हणतात, तीन लाख घातले आणि बासष्ट हजार उरले, धंदा बुडाला. शेजारी म्हणतो, दोन लाख साठ हजारांची विक्री झाली, पोराचें चांगलें चाललें. एकानें रोकड मोजली, दुसऱ्यानें विक्री मोजली. नफा कोणीहि मोजला नाहीं.

तो असा मोजावा. विक्री २,६०,०००, तीसाठीं खर्ची पडलेला माल २,००,०००, ढोबळ नफा ६०,०००. त्यांतून भाडें व किरकोळ खर्च १८,००० वजा. कर्जावरचें सहा महिन्यांचें व्याज ५,००० रुपये अद्याप दिलेलें नाहीं; तरी तें या सहा महिन्यांचेंच ओझें आहे, म्हणून तेंहि वजा. कपाटें सहा महिन्यांनीं जुनीं झालीं; त्यांचा घसारा ४,००० रुपये धरला. शेवटीं, एका गिऱ्हाईकाचें पीक अतिवृष्टीनें गेलें आणि १०,००० रुपये बुडाले. उरलेला निव्वळ नफा २३,००० रुपये.

ताळेबंद पाहूं. रोकड ६२,०००, येणें उधारी १,९०,०००, शिल्लक माल ४०,०००, सामान ३६,०००, एकूण ३,२८,०००. समोर कर्ज १,००,०००, देणें व्याज ५,०००, आणि भांडवल नफ्यासह २,२३,०००, एकूण ३,२८,०००. वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर या पानावर आहे : पैसा गेला नाहीं, तो लोकांकडे, कोठारांत आणि कपाटांत आहे. शेजाऱ्याच्या समाधानाचेंहि उत्तर येथेंच आहे. बँकेचा ७५,००० रुपयांचा हप्ता ऑक्टोबरच्या आरंभीं द्यावयाचा असेल, तर हा तरुण नफ्यांत असूनहि तो देऊं शकणार नाहीं. कारण शेतकऱ्याचा माल घरीं येऊन विकला जाईपर्यंत उधारी वसूल व्हावयाची नाहीं. नफा किती झाला आणि देणें फेडण्यास हातांत काय आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. कित्येक चालते धंदे दुसरा प्रश्न न विचारल्यामुळें बंद पडतात.

हेंहि पाहावें कीं, या हिशेबांतले दोन आंकडे कोणत्याहि पावतीवर नव्हते : घसारा आणि बुडीत उधारी. ते विचार करून ठरवावे लागले. कपाट किती वर्षें टिकेल, कोणतें येणें खरोखर येईल, हें गणित सांगत नाहीं. लेखाकर्म ही बेरीज नव्हे, बेरजेच्या आधारानें केलेला निर्णय आहे.

म्हणूनच तेरजेवर फाजील विश्वास ठेवूं नये. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असें विद्यार्थी समजतात. समजा, कपाटांचे ४०,००० रुपये चुकून दुकानखर्चांत लिहिले. नांवेंची बाजू तेवढीच, जमेची तेवढीच; तेरीज तंतोतंत जुळेल. पण घसाऱ्याचा प्रश्न उरणार नाहीं, सर्व ४०,००० खर्चीं पडतील, आणि २३,००० नफ्याच्या जागीं १३,००० तोटा दिसेल. एखादा व्यवहार मुळींच लिहिला नाहीं तरीहि तेरीज जुळते. दोन्ही बाजूंनीं सारखी झालेली चूक तेरीज दाखवूं शकत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

मग अभ्यास कसा करावा? माझें सांगणें थोडक्यांत असें आहे. प्रत्येक उदाहरणांत लेखणी उचलण्यापूर्वीं विचारावें : ही वही कोणाची? काय आलें, काय गेलें? हें या काळाचें कीं पुढच्या काळाचें? उत्तर आधीं मराठी वाक्यांत तोंडानें म्हणावें, मग नोंद करावी. शेवटच्या पानावरील उत्तर पाहून आंकडे जुळविण्याची संवय लावून घेऊं नये. जुळलें नाहीं तर चूक शोधण्यांत घालविलेला तास हाच खरा अभ्यासाचा तास होय. आणि महिन्यांतून एकदां आपल्या घरचा किंवा ओळखीच्या दुकानाचा हिशेब याच रीतीनें मांडून पाहावा. शेताच्या हिशेबांत घरचें बियाणें व घरच्या माणसांची मजुरी कोठें धरावी, असा प्रश्न पडला, तर विषय समजूं लागला असें खुशाल मानावें.

या विद्येचें प्रयोजन परीक्षेपुरतें नाहीं. चार्टर्ड अकाउंटंट होण्याची वाट १९४९ च्या कायद्यानें स्थापिलेल्या संस्थेकडे जाते, आणि ती थोडेच चालतात. परंतु गांवोगांव पतसंस्था आहेत, सोसायट्या आहेत, बचत गट आहेत. त्यांत विधवेची पुंजी असते, कापसाच्या पट्टीचे पैसे असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या ३२ व्या कलमानें सभासदाला संस्थेच्या कचेरींत जाऊन शेवटचा तपासलेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक विनामूल्य पाहण्याचा हक्क दिलेला आहे. हक्क आहे, पण कागद वाचतां येत नसेल तर त्याचा उपयोग काय? अहवालावर नफ्याचा आंकडा ठळक छापलेला असतो आणि सभा टाळ्या वाजविते. अशा वेळीं पहिल्या वर्षाचा विद्यार्थीदेखील विचारूं शकतो : या नफ्यांतलें व्याज वसूल झालें आहे, कीं नुसतें येणें म्हणून लिहिलें आहे? थकलेल्या कर्जांसाठीं किती रक्कम बाजूला काढली? ठेवीदार उद्यां आले तर देण्यास रोकड किती?

हे तीनहि प्रश्न आपण आतांच त्या लहानशा दुकानाला विचारले. संस्थेचा आंकडा कोटींत असला तरी प्रश्न बदलत नाहींत. ज्या गांवांतून पांच-दहा तरुण ते विचारावयास शिकतील, त्या गांवची ठेव पुष्कळ अधिक सुरक्षित राहील.