कोलाची बी : तिच्यातील पोषक व रासायनिक घटक

पश्चिम आफ्रिकेत घरी आलेल्या पाहुण्यापुढे कोलाची बी ठेवण्याचा प्रघात फार जुना आहे. नायजेरियातील इग्बो समाजात यजमान ती पुढे करतो, वडीलधारा मनुष्य प्रार्थना म्हणतो, मग बी फोडून तिचे तुकडे सर्वांना वाटण्यात येतात. त्याशिवाय महत्त्वाच्या बोलण्यास आरंभ होत नाही. ही कडवट बी चघळली असता थकवा जाणवत नाही, झोप उडते आणि भूक लागत नाही, असा तेथील लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. अनुभव खरा आहे. मात्र त्याचा अर्थ काय, हे बीच्या घटकांकडे पाहिल्यावाचून कळत नाही.

झाड आणि बी

कोलाचा सदापर्णी वृक्ष मूळचा पश्चिम आफ्रिकेच्या पर्जन्यवनांतील. त्याच्या ‘कोला निटिडा’ व ‘कोला अक्युमिनाटा’ या दोन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत. ज्याच्या बियांपासून चॉकोलेट करतात तो कोको आणि आपल्याकडील कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारा कांडोळ हे दोन्ही याच कुलातले होत. कोलाची फळे ताऱ्याच्या आकाराच्या झुबक्याने येतात व प्रत्येक फळात काही बिया असतात. बीवरील पांढरे आवरण काढले म्हणजे आतील मांसल दले उरतात. निटिडाच्या बीत दोन दले असतात, तर अक्युमिनाटाच्या बीत बहुधा तीन किंवा त्यांहून अधिक. रंग पांढरा, गुलाबी वा गडद तांबडा असतो.

ताज्या बीत निम्म्याहून अधिक पाणी असते. ते टिकवून धरणे हे व्यापाऱ्यांचे खरे कौशल्य. उत्तरेकडील कोरड्या गवताळ प्रदेशात हे झाड वाढत नाही. म्हणून हौसा व्यापारी ओलसर पानांत गुंडाळलेल्या बिया गाढवांवर लादून शेकडो मैल दूर नेत असत. मुस्लिम समाजांत मद्य निषिद्ध असल्याने तेथे या बीला विशेष मागणी असे.

बीमध्ये काय आहे?

पाणी वगळता उरणाऱ्या भागात सर्वांत मोठा वाटा पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा असतो; तो शेकडा ४० च्या आसपास भरतो. प्रथिने शेकडा ९ च्या सुमारास असतात. स्निग्ध पदार्थ अत्यल्प असतात. यांशिवाय तंतुमय भाग व पोटॅशियमसारख्या खनिजांचे क्षारही आढळतात.

तथापि बीची कीर्ती या पदार्थांमुळे नाही. कोरड्या भागात शेकडा सुमारे दीड ते तीन इतके कॅफीन असते. चहा व कॉफी यांतही हेच द्रव्य आहे. १८१९ मध्ये रुंगे या जर्मन रसायनज्ञाने ते कॉफीच्या बियांतून प्रथम वेगळे केले. १८८० च्या दशकात हेकेल व श्लाग्डेनहाउफेन यांनी कोलाच्या बीचे रासायनिक परीक्षण करून तिच्यातील कॅफीन आणि त्याच्या जोडीला असलेले अल्प थिओब्रोमीन यांचे वर्णन केले.

तिसरा गट टॅनिन व कॅटेचीन यांचा. बीचा तुरटपणा त्यांच्यामुळे येतो. बी कापून ठेवली की ती तांबूस-तपकिरी होते, याचेही कारण तेच. कापताच पेशी फुटतात आणि एंझाइमच्या साहाय्याने या द्रव्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो. कापलेले वांगे काळे पडते, तशीच ही क्रिया होय.

भूक भागते की केवळ विसरते?

शरीर श्रमले म्हणजे अडेनोसिन नावाचे द्रव्य मेंदूतील पेशींवर कार्य करून थकव्याची जाणीव देते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. त्यामुळे थकवा नाहीसा होत नाही, केवळ त्याची सूचना मिळत नाही.

आता एक साधा हिशेब करू. ताज्या बीचे वजन १२ ग्रॅम व त्यातील कोरडा भाग ५ ग्रॅम मानला, तर त्यापासून मिळणारी उष्णता फार तर २० किलोकॅलरी भरते. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन हजारांच्या घरात असते. उलट शेकडा २ या प्रमाणाने त्याच बीत १०० मिलिग्रॅम कॅफीन येते. ते एका पेला कॉफीइतके आहे. म्हणजे अन्न म्हणून ही बी नगण्य आणि उत्तेजक म्हणून प्रबळ. दिवसभर राबणारा मजूर जेवणाऐवजी ती चघळू लागला, तर त्याची भूक भागत नाही, फक्त लपते. आणि शरीराची झीज चालूच राहते. अधिक सेवनाने निद्रानाश व छातीत धडधड होते. गर्भवती स्त्रियांनी दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेत असल्यास ते कमी करावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

१८८६ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे जॉन पेंबर्टन याने तयार केलेल्या कोका-कोला या पेयाच्या नावातील उत्तरार्ध याच बीवरून आला. आज अशा बहुतेक पेयांतील कॅफीन अन्य मार्गांनी मिळविलेले असते. नाव जगभर पसरले. बी मात्र आजही पश्चिम आफ्रिकेत पाहुण्यापुढेच ठेवली जाते. तेथे तिचे मोल मानाचे आहे, आहाराचे नव्हे. आणि पृथक्करणाचा निष्कर्षही तोच आहे.