एका ओंडक्यातल्या दोन बाजारपेठा

अमेरिकेच्या पूर्वेला, पेनसिल्व्हेनियापासून टेनेसीपर्यंत आणि त्याहीपुढे, अपॅलेशियन डोंगररांगा पसरल्या आहेत. तिथल्या आरा गिरणीत रेड ओकचा ओंडका करवतीपुढे येतो, तेव्हा मिस्त्रीच्या हाती काही सेकंदच असतात. तेवढ्यात त्याला ठरवायचं असतं, आधी कोणती बाजू चिरायची आणि चिरता चिरता थांबायचं कुठे. या थांबण्याचं मला विलक्षण आश्चर्य वाटतं. त्या रेषेबाहेरचं लाकूड समुद्र ओलांडून व्हिएतनामला जाऊ शकतं आणि आतलं तिथल्याच एखाद्या रेल्वेमार्गाखाली अंथरलं जातं.

याचं कारण झाडाच्या वाढीत आहे. कोवळ्या झाडाला खालपासून फांद्या असतात. दाट जंगलात खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळून गळतात आणि त्यांच्या खुंटांवरून खोडाचे नवे थर चढत जातात. शंभर वर्षांच्या झाडाचं सगळं लहानपण असं गाठींसकट मध्यभागी गाडलेलं असतं. नितळ, बिनगाठीचं लाकूड मिळतं ते सालीलगत. आणि ही झाडं बहुतेक कुणी लावलेलीही नाहीत. १८८० ते १९२० या काळात हे डोंगर जवळजवळ बोडके झाले होते. त्यानंतर बुंध्यांना फुटलेल्या धुमाऱ्यांतून, खारींनी आणि ब्लू जे पक्ष्यांनी पुरून ठेवलेल्या बियांतून हे जंगल पुन्हा उभं राहिलं.

नितळ फळी म्हणजे नेमकी किती नितळ? हजारो मैलांवरचा गिऱ्हाईक माल न पाहता पैसे मोजतो, त्यामागे १८९८ साली स्थापन झालेल्या नॅशनल हार्डवूड लंबर असोसिएशनचे नियम आहेत. फळी दिसते कशी, याला त्यात फारसं महत्त्व नाही. तिच्यातून बिनदोष तुकडे किती निघतील, हे मोजतात. एफएएस या वरच्या प्रतीसाठी फळीच्या कमी चांगल्या बाजूवरसुद्धा बारापैकी दहा हिस्से, म्हणजे ८३ टक्क्यांहून थोडं अधिक लाकूड, निर्दोष भरावं लागतं. सरावलेला तपासनीस फळी उलटून काही क्षणांत प्रत ठरवतो.

पूर्वी या फळ्या फार लांब जात नसत. नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियातले फर्निचरचे कारखाने त्या घेत. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, स्वस्त फर्निचरचा ओघ वाढला आणि ते कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. आता त्याच लाकडाला कपाट होण्यासाठी आशिया गाठावा लागला, आणि कपाट होऊन पुष्कळदा ते अमेरिकेतच परत येऊ लागलं!

कंटेनरमध्ये ओली फळी घातली तर बुरशी धरते. त्यामुळे वाळवणाला महत्त्व आलं. ताज्या चिरलेल्या रेड ओकमधल्या पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त भरतं. ते सहा ते आठ टक्क्यांवर आणायचं आणि तेही सावकाश. घाई केली तर फळीचा पृष्ठभाग तडकतो किंवा वरून धड दिसणारी फळी आतून फाटते. ओली फळी थेट भट्टीत घातली तर इंचभर जाडीलाही तीन-चार आठवडे लागू शकतात. एवढा काळ भांडवल भट्टीत अडकवणं लहान गिरणीला झेपत नाही. ती ओला मालच मोठ्या वखारीला विकते.

२०१८ मध्ये चीनने अमेरिकी मालावर प्रत्युत्तरादाखल शुल्क लावलं, त्यात लाकूडही सापडलं आणि रेड ओकला जबर फटका बसला. अशा वेळी गिरणीला आधार असतो तो गाठाळ गाभ्याचा. सात बाय नऊ इंचांचे, साडेआठ फुटी स्लीपर त्यातून निघतात आणि अमेरिकी रेल्वे दरवर्षी सुमारे दोन कोटी स्लीपर बदलते. फळीचा भाव पडला की करवत लवकर थांबते, भाव चढला की ती गाभ्याकडे सरकते. जगाच्या बाजारातली उलथापालथ ओंडक्यावर अशी इंचाइंचाने उमटते.

शेजारी उभ्या असलेल्या व्हाइट ओकचं नशीब निराळं. रेड ओकच्या तुकड्यातून फुंकर आरपार जाते, व्हाइट ओकच्या नळ्या मात्र आतून फुग्यासारख्या पेशींनी बुजलेल्या असतात. म्हणून त्याची पिंपं गळत नाहीत. बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पात्रातच मुरवली पाहिजे, असा अमेरिकेत कायदाच आहे. दोन्ही ओक आवारात असतील तर गिरणीला मालाची दिशा बदलता येते.

जागतिक व्यापाराने या जंगलाचा घातही केला आहे. अ‍ॅश झाडं पोखरणारा आशियातला हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला. तो बहुधा पॅकिंगच्या लाकडातून आला असावा. त्याने कोट्यवधी झाडं मारली. अशी कीड पसरू नये म्हणून परदेशी जाणाऱ्या मालाखालच्या पॅलेटचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. असं तापवल्यावर ओंडक्यातलं सर्वांत हलकं लाकूडही पॅलेट होऊन आता परदेशी निघतं. न्हावाशेवा बंदरात उतरलेल्या एखाद्या पॅलेटची कड पाहिलीत, तर गव्हाच्या लोंबीचा शिक्का, त्याशेजारी देशाची दोन अक्षरं आणि तापवल्याची खूण सहज सापडेल.