थंडीच्या पहाटे चालू न होणारी जुनी पिकअप : दोष कसा शोधावा

पौष-माघातील थंडी गहू व हरभरा या पिकांना मानवते. परंतु शेतमाल वाहून नेणाऱ्या जुन्या वाहनास ती तितकीशी मानवत नाही. निफाडच्या परिसरात तर काही वर्षी पहाटेचा पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. नेमक्या अशाच पहाटे दूध संकलन केंद्रावर पोहोचवावयाचे असते आणि भाजी लिलावापूर्वी बाजार समितीच्या आवारात उतरवावयाची असते. दहा-पंधरा वर्षे राबलेली डिझेल पिकअप अशा वेळी चालू झाली नाही, तर लिलाव चुकतो, खुडलेली मेथी-कोथिंबीर कोमेजते आणि खुडणीची मजुरीही अंगावर पडते. त्यातच घाईघाईने केलेल्या उपायांनी बॅटरी, सेल्फ व कधी कधी सारे वाहनच हातचे जाते. म्हणून दोष क्रमाने कसा शोधावा, हे प्रत्येक वाहनधारक शेतकऱ्याने जाणून घेणे हिताचे आहे.

थंडीत काय घडते ?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा एकदम दाबली गेली म्हणजे ती अत्यंत तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. इंजिनाचे लोखंड थंडगार असले, की दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेते. इंजिन मंद फिरले, तर ही उष्णता निघून जाण्यास अधिक अवधी मिळतो व हवाही फटींतून निसटते. थंडीने बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाजवळ तिची इंजिन फिरविण्याची शक्ती सुमारे एक-तृतीयांशाने घटते. त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. सारांश, बळ घटते आणि भार वाढतो. उन्हाळ्यात झाकून राहिलेला दोष हिवाळ्यात उघडा पडतो, तो यामुळेच.

प्रथम ऐकावे, मग पाहावे

पाना हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टींचे निरीक्षण करावे. सेल्फ मारताना इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते की कण्हत कण्हत फिरते, हे ऐकावे. त्याच वेळी दुसऱ्या माणसास मागे उभे करून धुराड्यातून धूर येतो किंवा कसे, हे पाहण्यास सांगावे. यावरून तीन प्रकार संभवतात :

१. इंजिन मंद फिरते : दोष बहुधा बॅटरी, तिच्या जोडण्या अथवा सेल्फ यांत असतो.

२. इंजिन वेगाने फिरते, पांढरा धूर येतो, पण पेट घेत नाही : डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, उष्णता कमी पडते आहे.

३. इंजिन वेगाने फिरते, पण धूर मुळीच नाही : डिझेल पोहोचतच नाही.

इंजिन मंद फिरत असल्यास

रात्रभर उभ्या असलेल्या वाहनाच्या १२ व्होल्टच्या निरोगी बॅटरीवर मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवितो. १२.२ व्होल्ट म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी समजावी. सेल्फ मारताना आकडा ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. तरीही तसेच घडल्यास ती निकामी होत आल्याचे समजावे. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्ल पाहावे. पूर्ण चार्ज बॅटरीत विशिष्ट गुरुत्व १.२५०च्या वर असते. एखाद्या कप्प्यात ते इतरांपेक्षा ०.०५० हून अधिक कमी असेल, तर तो कप्पा गेला असे मानण्यास हरकत नाही.

मात्र बॅटरीस दोष देण्यापूर्वी जोडण्या तपासाव्यात. एका शेतकऱ्याने लागोपाठ दोन हिवाळ्यांत दोन नव्या बॅटऱ्या बसविल्या, तरी पहाटेचा त्रास गेला नाही. अखेरीस इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली आढळली. ती घासून, बोल्ट आवळताच जुनी बॅटरीही पुरेशी ठरली. हा दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसल्यास अर्थिंग सदोष आहे. टोकांवरील पांढरा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा; पाणी बॅटरीच्या कप्प्यात जाऊ देऊ नये.

पांढरा धूर येत असल्यास

ज्या जुन्या इंजिनांस हीटर प्लग असतात, त्यांत प्रथम त्यांचीच तपासणी करावी. किल्ली एक टप्पा फिरवून प्लग तापेपर्यंत थांबावयाचे असते. पुष्कळ चालक तेवढाही धीर धरीत नाहीत. धीर धरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर प्लगांना जोडणारी पट्टी सोडून प्रत्येक प्लग वेगळा करावा. १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या धन टोकास व दुसरे प्लगच्या टोकास लावावे. दिवा लागला तर प्लगची आतील तार शाबूत आहे. न लागल्यास तो प्लग बदलावा. सर्व प्लग चांगले निघाल्यास त्यांना वीज पुरविणारा फ्यूज व रिले तपासावा. येथेही दोष न सापडल्यास झिजलेल्या रिंगा, व्हॉल्व्ह अथवा बिघडलेले नोझल यांची शंका घ्यावी व वाहन मेकॅनिककडे न्यावे.

धूर मुळीच नसल्यास

टाकीत डिझेल आहे याची खात्री करून घ्यावी. बहुतेक जुन्या पिकअपांत किल्ली फिरविताच पंपाजवळील विजेच्या बंद-झडपेचा ‘टक्’ असा आवाज येतो. तो येत नसेल, तर तिची तार सुटली आहे काय ते पाहावे. नंतर डिझेल फिल्टरच्या तळाची चावी सैल करून साचलेले पाणी काढून टाकावे.

पुढची शंका हवेची. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे संपून डिझेलची अखंड धार येताच स्क्रू आवळावा. असे रोजच करावे लागत असेल, तर नळीच्या एखाद्या जोडातून हवा शिरत आहे व रात्रीतून डिझेल टाकीकडे परत जात आहे. दिवसभर उभ्या राहिलेल्या वाहनासही उन्हात हाच त्रास होत असेल, तर दोष थंडीचा नसून गळतीचा, हे निश्चित समजावे. ही रीत जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांपुरतीच आहे. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनातील नळ्यांत प्रचंड दाब असतो. त्या स्वतः सोडू नयेत.

एक गोष्ट विशेषेकरून ध्यानात ठेवावी. थंडीने डिझेलमधील मेण गोठू लागते व ते फिल्टर चोंदविते. भारतीय मानकानुसार हे तापमान हिवाळी डिझेलसाठी कमाल ६ अंश, तर उन्हाळी डिझेलसाठी कमाल १८ अंश ठरविलेले आहे. म्हणून उन्हाळ्यात पिंपात भरून ठेवलेले डिझेल हिवाळ्यात पिकअपमध्ये ओतू नये.

हे उपाय कटाक्षाने टाळावेत

पाचट किंवा चिंध्या पेटवून इंजिनाखाली अगर टाकीखाली शेक देऊ नये. यात वाहनाबरोबर माणसाच्याही जिवास धोका आहे. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा अथवा पेट्रोलचा बोळा हवेच्या मार्गात देऊ नये. तापलेल्या प्लगवर त्याचा अकाली स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. गार इंजिनावर वा पंपावर उकळते पाणी ओतू नये. लोखंडास तडा जाण्याचा संभव असतो. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक मारू नये व दोन प्रयत्नांत निदान एक मिनिट थांबावे. उतारावरून वाहन लोटताना इंजिन बंद असल्याने ब्रेक जड लागतात, याचे भान असावे.

दुसऱ्या बॅटरीचा आधार

ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आधार घेता येतो. २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकचा कदापि घेऊ नये. लाल तार प्रथम उतरलेल्या व नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावून तिचे शेवटचे टोक बंद वाहनाच्या इंजिनाच्या लोखंडास, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघत असतो. जवळ उडालेली ठिणगी स्फोटास कारण होते.

आदल्या संध्याकाळची तयारी

टाकी शक्यतो भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव साचून पाणी होत नाही. वाहन छपराखाली, वाऱ्याच्या आड उभे करावे. उत्पादकाने सांगितले असेल तेथे १५डब्ल्यू-४० प्रतीचे ऑइल वापरावे. ते थंडीत फार घट्ट होत नाही. पहाटे दिवे व पंखा बंद ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन व क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारावा. त्यामुळे गिअरपेटीतील घट्ट ऑइलचा भार इंजिनावर पडत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी, कार्तिक महिन्यातच गावातील वाहनधारकांना एकत्र बोलावून एका दिवशी बॅटरी, अर्थिंग व हीटर प्लग यांची तपासणी करून घ्यावी. एक मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प व एक हायड्रोमीटर एवढी सामग्री साऱ्या गावास पुरते. पीक उभे करण्यासाठी शेतकरी चार महिने कष्टतो. ते कष्ट गंजलेल्या एका पट्टीपायी वाया जाऊ नयेत.