जुनी सायकल, नवे पार्ट: किंमत सांगण्याआधी आपली मजुरी लिहा



मध्यंतरी एका गटाच्या बैठकीला गेले होते, तर हातावर पेढा आला. गटातल्या दोन तायांनी भंगारात निघालेली दांडीची जुनी सायकल घेतली, नवे पार्ट घालून, रंगवून 8,500 रुपयांना विकली होती. खर्च 8,000, म्हणजे 500 रुपये नफा! मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मग वही उघडून हिशेब मांडला, तेव्हा कळलं की नफा नाही, तोटा झालाय. चूक माझीही होती. खर्चाचा तक्ता मीच करून दिला होता आणि त्यात मजुरीची ओळच नव्हती.

त्यानंतर आणखी दोन गटांनी या कामाबद्दल विचारलं, म्हणून हा लेख. खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून दिलेत. तुमच्या बाजारातले भाव विचारून त्या जागी घाला.

पडतळ म्हणजे काय

वस्तू तयार होऊन विकेपर्यंत आपल्याला जेवढ्याला पडते ती पडतळ. त्या सायकलचा हिशेब असा:

- जुनी सायकल: 1,500
- टेम्पोभाडं: 200
- ॲल्युमिनियम रिमची दोन चाकं, टायर-ट्यूबसह: 3,200
- नवे ब्रेक, लिव्हर, केबल: 700
- चेन, फ्रीव्हील, छर्रे, ग्रीस: 600
- पावडर कोटिंगचा रंग: 1,200
- सीट, पायडल, बारीकसारीक: 600

बेरीज 8,000. तायांची वही इथेच संपली होती. पण अजून दोन ओळी हव्यात:

- मजुरी, दोघींचे मिळून 20 तास, तासाला 60 रुपये: 1,200
- गटातून घेतलेल्या 8,000 रुपयांचं एका महिन्याचं व्याज, शेकडा 2 रुपयांनी 160. वीज आणि हत्यारांची झीज 140: एकूण 300

खरी पडतळ 9,500 रुपये. विकली 8,500 ला. वेगळ्या शब्दांत सांगते: 8,500 मधून 8,000 आणि 300 वजा केले तर उरले 200. वीस तासांच्या कामाचे 200, म्हणजे तासाला 10 रुपये. त्या तायांना शेतात खुरपायला गेल्यावर यापेक्षा जास्त मिळतं.

एक ताई म्हणाल्या, "घरचंच काम, रात्री केलं, त्याचे काय पैसे धरायचे?" घरच्या कामाचे पैसे धरायचे नसतात ही आपल्याला लागलेली सवय आहे. पण हेच काम बाहेरच्या मिस्त्रीकडून करून घेतलं असतं, तर त्याने फुकट केलं असतं का? मजुरीची ओळ आधी लिहा.

पडतळीवर साधारण 15 टक्के नफा धरला तर 1,425 रुपये. म्हणजे ही सायकल 11,000 च्या आसपास विकायला हवी होती.

पण 11,000 देणार कोण?

पुढचा प्रश्न हाच. आपण घातलेला प्रत्येक रुपया गिऱ्हाईक परत देतंच असं नाही. म्हणून हिशेब उलटा करा आणि सायकल विकत घेण्याआधी करा.

समजा चौकशीत कळलं की अशा सायकलला 9,000 मिळतात. त्यातून नफा 1,000, मजुरी 1,200 आणि इतर 300 बाजूला काढा. उरले 6,500. सायकल, भाडं आणि पार्ट या साऱ्यांना मिळून एवढेच पैसे आहेत. मग पावडर कोटिंग नको, जुनाच रंग साफ करून पॉलिश करा (1,200 वाचले) आणि सायकल घासाघीस करून 1,200 ला घ्या (300 वाचले). 8,000 चे 6,500 झाले. जमत नसेल तर ती सायकल घेऊच नका. न घेतलेल्या सायकलचा तोटा होत नाही.

गिऱ्हाईक बघून पार्ट ठरवा

*रोज चालवणारा.* शहरात कामाला जाणारे, सकाळी व्यायामाला निघणारे. त्यांना दिसायला जुनी आणि चालवायला नवी सायकल हवी असते. नव्या पार्टचे पैसे हेच गिऱ्हाईक देतं, कारण ॲल्युमिनियमच्या रिमवर पावसात ब्रेक जास्त चांगला लागतो. जुन्या स्टीलच्या रिमवर ओल्यात तो घसरतो.

*जुन्या वस्तू जमवणारा.* याला जशीच्या तशी सायकल हवी. मूळ रंग, डोक्यावरचा बिल्ला, रॉड ब्रेक, डायनॅमो. इथे नवे पार्ट घातले की किंमत वाढत नाही, उतरते. मूळ सायकल कशी दिसते ते बघायचं असेल, तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. अभ्यास सहलीला जाण्यासारखं ठिकाण आहे.

*घरचीच सायकल घेऊन येणारा.* आजोबांची सायकल माळ्यावर पडलेली असते, ती चालू करून हवी असते. माझ्या मते गटांसाठी हेच काम सर्वांत बरं. सायकल विकत घ्यावी लागत नाही, माल पडून राहत नाही, पार्टचे पैसे आगाऊ घेता येतात. फक्त "कशाला हात लावायचा नाही?" हे आधी विचारा. चेन कव्हरवर आजोबांनी रंगवून घेतलेलं नाव पुसलं, तर सायकल कितीही चमकली तरी गिऱ्हाईक नाराज होणार.

नाव बघून हुरळू नका

ॲटलास 1951 पासून सोनिपतला आणि हिरो 1956 पासून लुधियानात सायकली बनवत होत्या. त्या गावोगावी आहेत, त्यामुळे नुसत्या जुनेपणाला फार भाव मिळत नाही. रॅले, हंबर अशा इंग्लंडहून आलेल्या सायकलींना शौकीन लोक जास्त देतात. पण रॅले नावाच्या सायकली आपल्याकडे आसनसोललाही बनत होत्या. म्हणून बिल्ल्यावर नॉटिंगहॅम लिहिलंय का ते वाचा. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्यावर महिना आणि साल ठोकलेलं असतं. त्यावरून हबचं वय कळतं. ब्रुक्सची जुनी चामड्याची सीट एकटीही विकली जाते. काढलेला कुठलाही मूळ पार्ट भंगारात टाकू नका. पिशवीत बांधून गिऱ्हाइकाला सायकलसोबत द्या किंवा वेगळा विका.

एक पार्ट बदलला की दुसरा बदलावा लागतो

रॉड ब्रेक रिमला आतून, तारांच्या बाजूने दाबतात. नव्या रिमला ब्रेक दोन्ही कडांवर लागतो. म्हणजे चाकं बदलली की ब्रेकही बदलावेच लागतात. टायरचंही तसंच. जुन्या चाकाचं माप 635 आणि नव्याचं 622. दुकानात दोन्हीला 28 इंची म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. पायडलच्या एक्सलचे कप घेताना जुना कप सोबत न्या. साध्या इंग्रजी मापात इंचाला 24 आटे असतात, जुन्या रॅलेत 26. आणि फ्रेमच्या जोडाला किंवा चिमट्याच्या मुळाशी तडा असेल, तर रंगाखाली झाकून ती विकायची नाही. कुणाचा तरी जीव त्यावर बसणार आहे.

विकताना

1. सायकल घेताना मालकाकडून सही केलेली पावती घ्या, त्यावर फ्रेमचा नंबर लिहा. चोरीची निघाली तर गट अडचणीत येतो.
2. फोटो दिवसा उजेडात, चेनच्या बाजूने काढा. ओरखडा असेल तर त्याचाही फोटो पाठवा.
3. मूळ काय, नवं काय, हे चिठ्ठीवर लिहून द्या. नवीन रंग आणि स्टिकर लावून "ओरिजिनल" म्हणू नका. एकदा नाव गेलं की गटाचं जातं.
4. कमीत कमी किंमत आधीच वहीत लिहा. घासाघीस तिच्या वर. वरच्या सायकलला 9,500 च्या खाली "नाही" म्हणायचं. मात्र विकायला उशीर झाला की दर महिन्याला व्याजाचे 160 वाढतात, हेही ध्यानात ठेवा.
5. मोबाईलवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. "हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे खात्यात दिसल्याशिवाय सायकल हलवायची नाही.

त्या दोन तायांची दुसरी सायकल सध्या उघडून ठेवलेली आहे. यावेळी तक्त्यात पहिली ओळ मजुरीची आहे आणि कोणी किती तास काम केलं ते त्या रोज लिहितात. तुमचा गट सायकलचं काम करत नसेल, पापड, गोधड्या किंवा मसाले करत असेल, तरी पुढच्या बैठकीला एका वस्तूची पडतळ अशीच काढून बघा. वही घेऊन बसू, मी येतेच.

तुमची,
क्षेत्र समन्वयक